एका घरात एक अक्षर

लेख मागताना संपादकबाईंनी फोनवरच बजावलं, "सगळ्या नोकरीचा इतिहास नको. एखादं काम सांगा, आणि कॉम्प्युटरमधलं काही न कळणाऱ्याला कळेल असं सांगा." इतिहास तसाही सांगण्याजोगा नाही. पुण्यातल्या तीन कंपन्यांत मी प्रोग्रॅमर म्हणून काम केलं, बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या वेबसाइट बांधल्या, आणि त्यांतली एकही आज जागेवर नाही. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट दहा वर्षं टिकली तर लोक तिच्याकडे संशयाने बघतात. निवृत्त झाल्यावर मात्र मी एक लहानशी वस्तू केली. ती अजून चालते आहे, आणि मी कधी पाहिलेली नाहीत अशी माणसं ती वापरतात.

ती वस्तू म्हणजे एक पॅकेज. आमच्या सोसायटीत पॅकेज म्हटलं की लोकांना एक तर काश्मीरची सहल आठवते, नाहीतर मुलाचा पगार. आमचं पॅकेज वेगळं. हल्ली वेबसाइट कुणी पहिल्या विटेपासून बांधत नाही. फ्रेमवर्क नावाचा एक तयार सांगाडा असतो. पान दाखवणं, पासवर्ड तपासणं, माहिती साठवणं, ही रोजची कामं तो करतो. त्यावर बसवायचे लहान लहान भाग पुन्हा पुन्हा लागतात. कुणाला कॅलेंडर हवं, कुणाला फोटो चढवायची सोय. असा एखादा भाग कुणीतरी एकदा नीट करतो, कसा वापरायचा ते लिहितो आणि इंटरनेटवरच्या सार्वजनिक कोठारात ठेवून देतो. मग जगातल्या कुणीही एक ओळ टाइप केली की तो भाग त्याच्या मशीनवर हजर. विचारावं लागत नाही, आभारही मानावे लागत नाहीत. नोकरीत मी अशी ढीगभर पॅकेजं वापरली. ती कुणी केली असतील, कशापायी केली असतील, हे एकदाही मनात आलं नाही.

माझं पॅकेज माझ्या दादामुळे झालं.

आम्ही मूळचे धायरीचे. आता जिथे इमारती आहेत तिथे आमची बाजरी असायची. वडील लवकर गेले, आणि दादाने शाळा सोडून मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर काम धरलं. पुढे तो स्वतःच आडत्या झाला. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, लिलाव पुकारायचा, घेणाऱ्याला द्यायचा. लिलावाच्या वेळी त्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. त्या आवाजावर आमचं घर चाललं आणि मी इंजिनियर झाले. माझी नोकरी समजून घ्यायचा त्याने मनापासून प्रयत्न केला.

"शुभे, तुमच्या कंपनीत माल कुठं ठेवत्यात?"

"माल नसतो रे दादा. आम्ही प्रोग्रॅम लिहितो."

"मंजी लिहिलेलं इकता. आन् घेणारा हातात काय घिऊन जातो?"

"हातात काहीच नाही."

"मग भांडणं लई व्हत आसतील."

होत असत.

एका सकाळी गाळ्यावर, ऐन लिलावात, दादाचा आवाज थांबला. पक्षाघात. हाताने आणि पायाने हळूहळू साथ दिली, वाणीने दिली नाही. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. माणसाला समोरचं सगळं कळतं, काय म्हणायचंय तेही त्याला ठाऊक असतं, फक्त शब्द मनातून जिभेवर येत नाही. दादाकडे एकच शब्द उरला होता, "चला". पाणी हवं असलं तरी चला, राग आला तरी चला, आणि मी घरी जायला निघाले की डोळ्यांत पाणी आणून तेच, चला.

वहिनी आणि मी, आम्ही दोघी त्याचे शब्द पुरे करायला लागलो. "पाणी हवंय का? चहा? पंखा लावू?" प्रेमानेच. पाच-सहा शब्द ऐकून घेतल्यावर तो भिंतीकडे तोंड करायचा.

सिंहगड रस्त्यावर मंजिरी नावाची एक स्पीच थेरपिस्ट आहे. दादाला आम्ही तिच्याकडे न्यायला लागलो. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कांद्याचं चित्र समोर ठेवायचं, खाली अक्षरांचे सुटे पत्ते, आणि पेशंटने ती अक्षरं ओळीने लावायची. हात शब्द जुळवायला लागला की कधीकधी जीभही मागोमाग येते, असं ती म्हणाली. पण हा सराव घरी रोज व्हायला हवा आणि पत्त्यांचा एकच संच. मी म्हटलं, मी टॅबवर करून देते. मला वाटलं होतं, दोन दुपारींचं काम.

दोन दुपारींत झालंही. दादासमोर टॅब ठेवला. वर कांद्याचं चित्र, खाली तुकडे. तुकडे पाच. एक 'क', एक 'द', दोन नुसते काने आणि एक नुसता अनुस्वार. आपण 'कांदा' वाचतो तेव्हा आपल्याला 'कां' आणि 'दा' अशी दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र काना वेगळा, अनुस्वार वेगळा. आणि काना एकटा दाखवायची वेळ आली की तो त्याच्या शेजारी ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढतो, अक्षर हरवलं आहे अशा अर्थाचं.

दादाने त्या वर्तुळावर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "चला?" म्हणाला आणि टॅब सरकवून दिला. आजार त्याच्या मेंदूला झाला होता आणि शब्दाच्या चिंध्या मी करून दाखवल्या होत्या. रिक्षात बसेपर्यंत मी रडणं आवरून धरलं.

मग कामाला लागले. तयार साधनं होती, पण त्यांतली काही काना-मात्रा जोडायची आणि जोडाक्षरं फोडायची. 'ट्रक'चा 'ट' एकीकडे, 'र' दुसरीकडे. शेवटी मराठी माणूस अक्षर कशाला म्हणतो याचे नियम मीच लिहिले. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आपल्या अक्षरासोबत राहतील. अर्धं अक्षर पुढच्याचा हात सोडणार नाही. पडद्यावरच्या एका चौकोनी घरात एकच अक्षर, पण पुरं. इतकी वर्षं बँकांचे व्यवहार सांभाळले, पण 'फ्लॉवर'ची तीन घरं पडद्यावर बरोबर उमटली तेव्हा झालेला आनंद त्या कुठल्याच कामात नव्हता.

दादाने डाव्या हाताने 'कां' आणि 'दा' शेजारी शेजारी नेऊन ठेवले. पहिल्या दिवशी नुसतेच ठेवले. पुढे काही आठवड्यांनी एका दुपारी ठेवता ठेवता त्याच्या तोंडून "कां" निघालं. मग बराच वेळ काही नाही. मग "दा".

वहिनी स्वयंपाकघरातून हातातली पळी न ठेवताच बाहेर आली. दादाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आज कांद्याचीच भाजी करते."

मंजिरीने विचारलं, "ताई, हे माझ्या बाकीच्या पेशंटना देता येईल? नागपुरात माझी मैत्रीण आहे, तिला तिच्या वेबसाइटवर बसवायचंय." तेव्हा माझ्या डोक्यात पॅकेज आलं.

बाहेरच्यांना वाटतं की प्रोग्रॅम तयार झाला की पॅकेज तयार झालं. तसं नसतं. एका घरासाठी केलेली वस्तू सगळ्यांची करायची, तर त्यातलं त्या घराचं जे जे असेल ते शोधून बाजूला काढावं लागतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडे दादा होता. चित्रं मार्केट यार्डातली. शब्द बरोबर जुळला की पडद्यावर दादाच्या बैलजोडीचा जुना फोटो यायचा. अक्षरं खाली डाव्या बाजूला, कारण त्याचा उजवा हात नीट चालत नव्हता. मी एकेक गोष्ट काढत गेले. बैलजोडी काढली तेव्हा उगीचच टॅबकडे पाहायचं टाळलं. डावी बाजू मात्र राहू दिली. ज्याला हवी त्याने उजवी करून घ्यावी. आणि चाचण्यांमधले शब्दही राहू दिले. प्रत्येक बदलानंतर पॅकेज नीट चालतंय ना हे बघायला काही ठरावीक शब्द त्याला पुन्हा पुन्हा घालायचे असतात. ते सगळे दादाचे होते. हमाल, तोलणार, शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी, ट्रक, फ्लॉवर आणि मार्केट यार्ड जिथे आहे ती गुलटेकडी.

नावाचीही कटकट झाली. मला 'अक्षर' हवं होतं. ते कुणीतरी आधीच घेऊन ठेवलं होतं, आत काही नाही. धायरीत प्लॉट घेऊन नुसतं तारेचं कुंपण घालून ठेवतात तसं. मग 'अक्षरघर' ठरलं. कसं वापरायचं याची माहिती लिहायला प्रोग्रॅमपेक्षा जास्त दिवस लागले. आपल्याला जे उघड वाटतं ते दुसऱ्याला सांगणं फार अवघड असतं.

प्रसिद्ध केलं ते दादाच्याच घरी, दुपारी. एक ओळ टाइप केली, बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली की पोचलं.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं."

"मग आता काय व्हतं?"

"आता काही नाही."

वहिनीने माझ्याकडे करुणेने पाहिलं. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जण पॅकेज घेऊन गेल्याचं दिसत होतं. नवं आलेलं काहीही उचलून नेणारी यंत्रं असतात आणि ही तीच आहेत, हे मला धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. तरी मी हरखले.

पहिलं खरंखुरं माणूस आलं ते तक्रार घेऊन. तक्रारींसाठी पॅकेजच्या पानावर जागा असते. तिथे जगभर इंग्रजीत लिहितात. हे मराठीत होतं.

"महोदया, आपल्या पॅकेजने माझी कुऱ्हाड मोडली. घरं तीन हवीत, चार आली. पॅकेजला मराठी येत असावं असा माझा समज होता. कळावे. परांजपे."

परांजपे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि शब्दकोडी रचणारे. छापील कोड्यांची जागा कमी होत गेली तेव्हा ते रुसून बसले नाहीत, सत्तरीच्या घरात फ्रेमवर्क शिकले आणि स्वतःची कोड्यांची वेबसाइट काढली. शब्दकोड्यातही एका घरात एकच अक्षर लागतं, म्हणून त्यांनी माझं पॅकेज घेतलं. तक्रार खरी होती. कुऱ्हाडीतला अर्धा 'र' दोन प्रकारे टाइप करता येतो आणि एका प्रकारात मध्ये न दिसणारी एक खूण असते. माझ्या नियमांनी त्या खुणेलाही घर देऊन टाकलं होतं. मी दुरुस्ती केली. उत्तर आलं, "कुऱ्हाड मिळाली. वऱ्हाडही सुखरूप आलं. नावं ठेवायला जागा उरली नाही, याचा खेद आहे."

हे मी दादाला वाचून दाखवलं. त्याचे खांदे हलायला लागले. आजारानंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून परांजप्यांची प्रत्येक तक्रार मी त्याला वाचून दाखवायची, आणि ते तक्रारींच्या बाबतीत हात आखडता घेणारे गृहस्थ नव्हते.

मग एक लग्न झालं. नात्यातलं, जायलाच हवं असं. दादा बरा होतोय हे सगळ्यांना कळलं होतं. जेवणाच्या टेबलापाशी माणसं जमली आणि एक भाचेजावई कौतुकाने, जरा मोठ्याने म्हणाले, "मामा, कांदा म्हणून दाखवा की! म्हणा, कां... दा..." कुणीतरी मोबाइलही वर धरला. दादाने ताटाकडे पाहिलं. एकेकाळी त्याने पुकारलं की शंभर माणसं गप्प व्हायची.

त्यानंतर तो टॅबसमोर बसला नाही. मंजिरीकडेही जाईना. मी आग्रह केला, रागावले, विनवलं. "ऱ्हाऊ द्या आता त्यास्नी, शुभाताई," वहिनी म्हणाली. आणि घरात पुन्हा तेवढा "चला" उरला.

नेमकी तेव्हाच फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली. सांगाडा बदलला की त्यावर बसणारे भाग पुन्हा बसवून द्यावे लागतात, नाहीतर नवा सांगाडा त्यांना घेतच नाही. माझं पॅकेज घेईना. नागपूरच्या बाईंची वेबसाइट अडली. एक नेपाळी शिक्षिका (त्यांची लिपीही देवनागरीच) लहान मुलांना वाचन शिकवायला ते वापरत होती हेही मला तेव्हाच कळलं, कारण तिचंही काम थांबलं. "हे चालू आहे की बंद पडलं?" अशी विचारणा यायला लागली. काम फार नव्हतं. पण मी बसायचे, चाचण्या चालवायचे आणि पडद्यावर लाल अक्षरांत ओळीने यायचे ते दादाचे शब्द. हमाल, नापास. तोलणार, नापास. मी लॅपटॉप मिटून टाकायचे. शेवटी पानावर लिहिलं, घरच्या अडचणीमुळे काम थांबवलं आहे.

परांजप्यांनी लिहिलं, "अडचण विचारण्याचा मला अधिकार नाही. मात्र आपल्या चाचण्यांमध्ये हमाल, तोलणार, पट्टी असे शब्द कशापायी आहेत, याचं फार दिवसांचं कुतूहल आहे. इतर लोक चाचण्यांना 'कमळ' आणि 'नमस्कार' घालतात. हे शब्द ज्याचे असतील तो माणूस मला आवडेल."

मी त्यांना सगळं कळवलं. त्यांनी फक्त पत्ता मागितला.

बसने आले. उंच, किडकिडीत, पायात पांढरे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि तीत लॅपटॉप. दादा खुर्चीत अंग चोरून बसला. पुन्हा कुणीतरी कौतुक करायला आलं, असं त्याला वाटलं असणार. परांजपे समोर बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी परांजपे. आपण बोलत नाही असं ऐकलं. मला चालेल. पुण्यात कमी बोलणारा माणूस मिळत नाही."

दादाचे खांदे किंचित हलले.

परांजप्यांनी लॅपटॉप उघडला. अर्धवट रचलेलं कोडं होतं. "इथे अडलोय. तीन घरं, मधलं अक्षर 'मा'. 'कमान' बसतो, पण तो मागच्याच कोड्यात वापरला. वाचक मला सोडणार नाहीत. काही सुचतंय का?"

दादा कोड्याकडे पाहायला लागला. त्याचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मला शब्द कळला होता. मी तोंड उघडलं, "ह—"

"बाई," परांजपे मान न वळवता म्हणाले, "आपल्याला विचारलेलं नाही."

वहिनीने आणलेल्या चहावर साय धरली. परांजपे घड्याळ बघत नव्हते, की दादाच्या तोंडाकडेही बघत नव्हते. आपल्याच कोड्यावर डोकं खाजवत बसले होते. त्यांना खरोखरच अडलं होतं.

"ह," दादा म्हणाला. "हमा... हमाल."

वहिनीचा हात तोंडावर गेला. परांजप्यांनी शाब्बास म्हटलं नाही, टाळी वाजवली नाही. "बसला," म्हणाले आणि शब्द घरांत भरला. "आता हा उभा बघू. हा जरा त्रासदायक आहे."

त्या दिवशी मला एक गोष्ट उमजली. आम्ही इतके महिने दादाकडून शब्द म्हणवून घेत होतो. परांजप्यांना शब्द हवा होता.

ते येत राहिले. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ते, एका बाजूला मी आणि मध्ये दादा. आम्ही दोघांनी मिळून पॅकेज नव्या फ्रेमवर्कवर बसवलं. एकेक शब्द लालचा हिरवा होत गेला. 'गुलटेकडी' शेवटपर्यंत हटून बसली होती. तीही हिरवी झाली तेव्हा दादाने टेबलावर थाप मारली, सौदा पक्का झाल्यावर मारायचा तशी. नागपूरचं काम सुरू झालं. नेपाळी बाईंनी मुलांचा आवाज पाठवला, सगळी एका सुरात काहीतरी वाचत होती. दादाने तो पुन्हा पुन्हा लावायला लावला. पॅकेजच्या मालकीत मी परांजप्यांना बरोबरीने घेतलं. त्यांची एकच अट होती, सगळी माहिती मराठीतही हवी. "इंग्रजी काढा असं म्हणत नाही," ते म्हणाले, "इंग्रजीवाले बिचारे कुठे जातील?"

दादा पूर्वीसारखा बोलेल असं मंजिरी म्हणत नाही. गाळा आता त्याचा मुलगा बघतो, तिथल्या लिलावात दादाचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. काही दिवस शब्द येतात, काही दिवस येत नाहीत. मला हे कधी कधी फार लागतं. नोकरीत सुट्टी घेऊन एकदाही मी त्याचा लिलाव ऐकायला गेले नव्हते. नंतर जाऊ, म्हणायचे.

गेल्या महिन्यात मी भाजी घेऊन सोसायटीच्या दारात पोचले होते. फोन वाजला. पडद्यावर दादाचं नाव. आजारानंतर त्याने फोन हातात धरला नव्हता. समोरासमोर हातवारे तरी करता येतात, फोनवर तेही नाहीत. त्याच्या नंबरवरून वहिनीच करायची, तेही काही अडलं तरच.

"वहिनी? काय झालं?"

नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुकरची शिट्टी झाली. मग माझ्या लक्षात आलं, फोनवर वहिनी नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली. बरं वाटत नाही का, गोळी घेतली का, येऊ का मी, असं सगळं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि तिथेच उभी राहिले. वॉचमनने काय झालं म्हणून खुणेने विचारलं, मी त्यालाही हातानेच थांबवलं.

"शु... शुभे."

"हो दादा. ऐकतेय."

वहिनीचा आवाज लांबून आला, "आवं, कुणाला लावलाय?" तो तिच्याशी बोलला नाही. मी वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "कशाला केला होतास रे फोन?"

बराच वेळ गेला. मला घाई नव्हती.

"सहज," दादा म्हणाला.